घरगाडी

२ नोव्हेंबर, गुरुवार

रंग दिला! मला न विचारता रंगसुद्धा देऊन टाकला. पिवळा. अंगणात आता तुळस दिसत नाही, जास्वंद दिसत नाही, दोन चाकांवर उभं असलेलं ते पिवळं खोकं तेवढं दिसतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. गल्लीतली माणसं ‘भाऊसाहेबांची घरगाडी’ बघायला येतात. मी चहा करते. कपबशा विसळते. परत चहा करते.

चौतीस वर्षं हे शाळेच्या ऑफिसात एका खुर्चीवर बसले. घरापासून दहा मिनिटांवर. दुपारी जेवायला घरी. आणि मी? एकतीस वर्षं नळदुर्ग ते लोहारा, लोहारा ते नळदुर्ग. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. चौदा माणसांत पंधरावी, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. जूनमध्ये रिटायर झाले तेव्हा ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं — आता मी कुठं जाणार नाही. ओट्यावर बसणार. एवढंच मागितलं होतं.

आणि ह्यांना आता भारत बघायचाय!

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर बोलले नाही. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा घरगाडी पिकअपला जोडून ओढून बघितली. पिकअप दोन हजार चारची. एका भाजीवाल्याकडून घेतली. मागच्या फाळक्यावर अजून ‘शिवांजली’ लिहिलंय — त्याच्या मुलीचं नाव. आत बसलं की कांद्याचा वास. मला शेजारी बसवलं, उमाशंकर मागून मोटरसायकलवर. हा उमाशंकर म्हणजे वेल्डर. ह्याच्याच शेडमध्ये जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर हे खूळ उभं राहिलंय.

हायवेला लागलो. चाळीसपर्यंत ठीक. पन्नासला मागचं घर डुलायला लागलं. आधी हळूच, मग असं की कुणीतरी पिकअपचं शेपूट धरून झटके देतंय. एक ट्रक कर्कश हॉर्न देत अगदी अंगावरून गेला. मी ओरडले, “थांबवा!” हे म्हणाले, “घाबरतेस काय? सवय होईल.”

सवय! मी काय जनावर आहे?

उमाशंकरनं मात्र सरळ सांगितलं. “भाऊसाहेब, पाण्याची टाकी पार मागं ठिवलाव, म्हणून हालतंय. वजन पुढं आणा. आन् गाडी म्हातारी हाय. चढाला गरम होणार, उताराला मागचं घर ढकलणार. दुसऱ्या गेरातच उतरा. म्या साखळी बी लावून देतो, हूक सुटला तर साखळी धरती.”

“साखळी पुढच्या आठवड्यात,” हे म्हणाले.

रंगाला वेळ होता. पडद्यांना वेळ होता!

९ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या पार्वतम्माकडं पेटी शिकते, ऑगस्टपासून. आता कुठं बोटं वळायला लागलीत. आज म्हणाली, “अनसूयाबाई, ही पेटी हाय, लाकूड फोडायचं न्हाय. कुणावर चिडलाव?” हसायला आलं, मग डोळ्यांत पाणी आलं.

दोन महिने फिरणार म्हणे. दोन महिन्यांत बोटं परत लाकडं होतील. ह्यांना सांगितलं तर — “त्यात काय! पेटीपण घेऊ की गाडीत.” सगळ्याला उत्तर एकच. घेऊ की गाडीत!

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा.

ओवाळलं. ताटात घडीची खुर्ची ठेवता येत नाही म्हणून हे दाराआडून घेऊन आले. पाठीवर पेंटरकडून ‘अनसूया’ लिहून घेतलेलं. “गोकर्णला समुद्रापुढं टाकून बसायची.” चेहरा असा, जसं काही मीच मागितली होती. मी ओट्यावर बसायचं म्हणाले होते. ओट्यावर! समुद्रापुढं नाही.

संध्याकाळी जाईचा पुण्याहून फोन. “आई, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. जा ना गं.”

म्हणजे मी मागितलेलं माझ्या पोटच्या पोरीलाही ऐकू गेलं नाही. फोन ठेवून दिला. सणाच्या दिवशी.

१८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या निघायचं. आधी तुळजापूरला देवीचं दर्शन, मग घाट उतरून सोलापूर, तिथून विजापूर, गोकर्ण. मी म्हणलं, सरळ हायवेनं सोलापूर तासाभरावर आहे, घाट कशाला? “दर्शन न घेता कसं निघायचं?”

साखळी लावली का विचारलं. “राहिली. उमाशंकर गावाला गेलाय दिवाळीला.”

मग चार दिवस थांबा! नाही. मुहूर्त!

पेटी घेतली नाही. घरातच ठेवली. कुलूप लावून.

२० नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

लिहायला हात चालत नाही. तरी लिहिते.

काल दर्शन झालं. घाट लागायच्या आधी चहाला थांबलो. हॉटेलातले सगळे टीव्हीपुढं, वर्ल्डकपची फायनल. तिथं आमचं वाजलं. मी म्हणलं, मला एसटीत बसवा, मी घरी जाते, तुम्ही आणि तुमची घरगाडी कुठं जायचं तिकडं जा. हे म्हणाले, “हळू बोल. लोक बघतायत.” लोक! लोक तर मॅच बघत होते. मी उठून बाहेर गेले. घरगाडीभोवती फेऱ्या मारल्या. मग येऊन पिकअपमध्ये बसले, दार आपटून.

घाट उतरायला लागलो. दुसरा गेर. हे नीट चालवत होते, ते कबूल केलं पाहिजे. मॅचमुळं रस्ता मोकळा. एका वळणाआधी गतिरोधक होता. खाडकन आवाज झाला. मागून एक धक्का बसला आणि पिकअप एकदम हलकी झाली. हे म्हणाले, “बघ, आता कशी मोकळी पळतीय.”

आणि माझ्या खिडकीशेजारून आमचं घर पुढं गेलं.

पडदे हलत होते. पुढचा दांडा रस्त्याला घासून ठिणग्या उडत होत्या. वळणावर एक बाई सीताफळं घेऊन बसली होती, चार बांबूंच्या मांडवाखाली. घरगाडी मांडवात घुसली आणि नालीत आडवी झाली. बाई उठली होती. अजून दोन पावलं मिळाली असती तर! बांबू आणि क्रेट तिच्या पायावर आले.

म्हाळसाबाई तिचं नाव. पन्नाशीची. तिला पिकअपमध्ये घालून सोलापूरला दवाखान्यात नेलं. डोकं माझ्या मांडीवर. “आई अंबाबाई, आई अंबाबाई” एवढंच म्हणत होती. नडगी दोन ठिकाणी मोडलीय. काल रात्रीच ऑपरेशन झालं.

पोलिसांनी विचारलं. हे म्हणाले, “माझी चूक. घरगाडी जोडायच्या कपलिंगची पिन लावायची राहिली.”

राहिली म्हणे! बासष्ट वर्षांचा माणूस! जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका लाल पेनानं काढल्या. आणि पिन राहिली!

२१ नोव्हेंबर, मंगळवार

हात तीनदा धुतले. नखांतलं ग्रीस निघत नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

उमाशंकर आला. घरगाडी त्यानंच टोचन करून ठाण्याच्या आवारात नेऊन ठेवली. एक बाजू सगळी चेपलीय म्हणाला. मग ह्यांच्यापुढं उकिडवा बसून हळूच म्हणतो, “भाऊसाहेब, त्या पिनला क्लिप हाय. आपोआप निघत न्हाय. कुणी काढल्याबिगर न्हायच निघत.”

“मी लावलीच नव्हती,” हे म्हणाले.

“मग नळदुर्गपासनं तुळजापूरपातूर कशी आली वो? वाटंत चार गतिरोधक हायत.”

ह्यांनी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, “तुझी साखळी कुठं होती ते सांग आधी! साखळी असती तर हे झालं असतं का?” तो चहा न घेता गेला. हे माझ्याकडं बघत राहिले. काय बघायचंय? खोटं आहे का साखळीचं?

२६ नोव्हेंबर, रविवार

आता नवीनच. हे रोज सकाळी सातला पिकअप घेऊन घाटात जातात. म्हाळसाबाईचा मांडव नव्यानं बांधून दिला आणि स्वतः तिथं बसून सीताफळं विकतात! तिची सून झाडाची काढून आणून देते, हे विकतात. पार्वतम्माची बहीण तुळजापूरला जाताना बघून आली. “तुमचे भाऊसाहेब जोरात वरडत होते, बालाघाटची घ्या, गोड घ्या.” आणि तोंडाला पदर लावून हसली.

घरात ज्या माणसाचा आवाज कधी वर चढला नाही, तो रस्त्यावर ओरडतो!

केस झालीय. निष्काळजीपणाची. लायसन जाईल म्हणतात, कोर्टाच्या तारखा वेगळ्याच. जाई रोज फोनवर रडते. “बाबा असं कसं विसरले?” आणि हे स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलत नाहीत. संध्याकाळी येतात, बोटं काळी झालेली असतात, जेवतात, झोपतात. अहो, चिडा की! कुणावर तरी चिडा! माझ्यावर चिडा! एवढा राग मी एकटीनं किती दिवस सांभाळायचा?

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ह्यांच्याबरोबर म्हाळसाबाईच्या घरी गेले. घाटाखाली तिची वस्ती आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. मी फळं नेली होती. सीताफळं विकणाऱ्या बाईला फळं! तिनं फळांकडं बघितलंही नाही.

म्हणलं, “दुखतंय का फार?”

“दुखंल न्हाय तर काय? कोसभर चालत जाऊन झाडं उतरवायची म्या. आता हागायलासुदिक सुनंच्या खांद्याला धरून जातीया.”

“माफी मागायला आले.”

“तुमचं मालक रोज मागत्यात. माफी घिऊन उभं ऱ्हाता येतंय व्हय, बाई? येत आसंल तर सांगा.”

मग आवाज जरा खाली आणून तीच म्हणाली, “पर पिन ऱ्हायली कशी वो? मांडवात बसत्यात तवा हिशेबाला, वजनाला लई चोख हायत म्हणती सून. एक फळ इकडचं तिकडं हुऊ दीत न्हायत. आसला माणूस इसरतोय व्हय?”

मी म्हणाले, “विसरभोळे आहेत.”

हे दारातच उभे होते. ऐकलं त्यांनी. सुनेनं दिलेलं पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पिकअप सुरू केली.

येताना तुळजापूर ते नळदुर्ग मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. बत्तीस किलोमीटर.

२९ नोव्हेंबर, बुधवार

पिन मी काढली होती.

चहाच्या हॉटेलबाहेर. घरगाडी तिथंच सुटून पडावी, ह्यांना परत फिरावं लागावं म्हणून. क्लिप ओढली, पिन काढून पर्समध्ये टाकली. मग रडू आलं आणि जाऊन गाडीत बसले. निघताना बघतीलच, असं म्हणत बसले. गाडी निघाली, दांडा नुसत्या वजनावर अडकून मागं आला, तरी तोंड उघडलं नाही. रागात. ही वही दुसरं कुणी वाचणारं नाही, तरी इथंसुद्धा खोटं लिहिलं.

सकाळी एसटीनं गेले. ठाण्यात पिन टेबलावर ठेवली, जबाब दिला, सही केली. मग म्हाळसाबाईकडं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. “जावा आता,” म्हणाली.

तिथून घाटात, मांडवात. ह्यांना म्हणलं, “तुम्हाला माहीत होतं.”

“दवाखान्यात तुझ्या पर्समधून रुमाल काढताना दिसली. हॉटेलातनंही बघितलं होतं तुला, कपलिंगपाशी वाकलेली.”

“मग तेव्हाच येऊन बघितलं का नाही?”

फडक्यानं सीताफळ पुसत होते. पुसतच राहिले.

“मला वाटलं, तपासतीयस. पहिल्यांदाच आपणहून हात लावलास गाडीला. मला लई बरं वाटलं होतं.”