धबधब्याशी थांबायचं होतं

वीरेश,

पाच वाजता मी व्हिडिओ गेमच्या दुकानात गेले होते. उद्याच्या जोड्यांच्या स्पर्धेसाठी फळ्यावर तुझं नाव आहे आणि शेजारी तुझ्या मित्राचं, सोमेश्वरचं. माझं पुसलेलं दिसलं. दुकानवाले काका म्हणाले, "तुझा भाऊच म्हनला, ताईला काई जमत न्हाई, उगंच नाव दिलतं."

दिवाळीच्या सुट्टीत घरी तू गेमचा रिमोट आपटून "हे मशीनच बोगस हाय" म्हणत रडायचास, तेव्हा शेजारी मीच बसायचे. गोळी आली की आडवं पड, नुसती बटणं बडवू नकोस, हे मी शिकवलं. गेममधल्या धबधब्याच्या टप्प्यावर तू घाईनं वर चढायचास, पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला माझा शिपाई मरायचा. "सॉरी ताई, ध्यानातच न्हाई राहिलं," म्हणायचास. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी तू थांबायला शिकलास.

बहिणीसोबत खेळलं तर पोरं हसतील, एवढंच असेल तर मला घरात सांगायचं होतंस. मी नाव मागे घेतलं असतं.

आईला काही बोललेले नाही. भात झाकून ठेवलाय. मी पाली गावी मामांकडे चाललेय, आपल्या गेमचा दुसरा रिमोट सोबत नेतेय.

हे लिहीत असतानाच सोमेश्वर तुला शोधत आलाय. दारातूनच विचारतोय, "ताई, त्या धबधब्यापाशी माझा शिपाई सारखा का म्हून मरतो?"

त्याला उत्तर तूच दे.

ईश्वरी