मंगळवारी, दिवसाउजेडी

सोमवार, ४ मार्च

साहेब नाही म्हणाले. म्हणजे आधी हसले, मग नाही म्हणाले. "दिवसा? रक्तपेढी चालू असताना? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

आहे. महिनाभर दुसरं काही केलेलं नाही. आमच्या डेटाबेसची आवृत्ती जुनी झाली, आता नवी घालायलाच हवी. आजवर असली कामं आम्ही रात्री केली. सगळं बंद करायचं, चहावर चहा ढोसायचा, आणि पहाटे डोळे मिटत असताना चुका करायच्या. ह्या वेळी तसं नको. सर्व्हर तीन आहेत, तिघांकडे तोच डेटा. एक कारभारी, बाकीचे दोघं क्षणाक्षणाला त्याची नक्कल उतरवून घेतात. एकेकाला बाजूला घ्यायचं, नवी आवृत्ती घालायची, परत उभं करायचं. पेढी बंद ठेवायचं कारणच नाही!

"रात्री बिघडलं तर कोणाला उठवणार?" मी विचारलं. "दिवसा सगळे जागेवर असतात."

"विचार करतो," म्हणाले. म्हणजे हो. साहेबांचं 'नाही' लगेच येतं, 'हो' यायला दोन दिवस लागतात.

खरं कारण सांगितलं नाही. अप्पांना रात्री घरात एकटं ठेवायचं नाहीये मला.

मंगळवार, ५ मार्च

ताईंचा फोन. "अप्पांना माझ्याकडे पाठव. तुझ्या कामाला रात्र ना दिवस. ह्या वयात कुठे पडले-बिडले तर?" लेकच त्यांची, काळजी करणारच. पण बोलतात अशा की जणू मी त्यांच्या वडिलांना कोंडून ठेवलंय. नणंद म्हणून मान देते, पण प्रत्येक बाबतीत ऐकलंच पाहिजे असं नाही.

मी 'बघू' म्हटलं.

अप्पा इथेच राहणार. खुर्ची इथे, खिडकी इथे, शिलाई मशीन इथे. चाळीस वर्षं कटिंग मास्तर होते, अजून शेजारपाजारचे पडदे शिवून देतात. त्यांचा मुलगाही ह्याच घरात — असो. सात महिने आम्ही सासरा-सून एकमेकांना धरून आहोत. व्यवस्थित चाललंय.

ताईंची तक्रार एकच, रात्रीची कामं. तीच मिटवते. मग त्यांना बोलायला जागा उरणार नाही.

बुधवार, ६ मार्च

साहेब: "हो. येत्या मंगळवारी. पण जबाबदारी तुमची."

माझीच आहे. आणखी कोणाची असणार?

शुक्रवार, ८ मार्च

रंगीत तालीम. तीन सुटी यंत्रं जोडली, त्यांवर सगळं करून बघितलं. एकदा नीट, एकदा मुद्दाम बिघडवून. बिघडवल्यावरही सावरलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची चिमणी (खरं नाव ऑफिसात कोणी घेत नाही, तिचं तोंड थांबत नाही म्हणून चिमणी) प्रत्येक पायरी मोठ्याने वाचत होती. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. ऑफिसात एवढी शांतता बऱ्याच दिवसांनी!

सर्व्हरची नावंही तिचीच. थोरला, मधला, धाकटा. सध्या कारभार थोरल्याकडे.

जेवताना अप्पांनी विचारलं, "तीन कशाला पण? एक चांगला ठेवा की."

"चांगलाही बंद पडतो, अप्पा."

"मग दोन ठेवा."

"दोघांतला एक दिसेनासा झाला तर दुसऱ्याला कसं कळणार, तो मेलाय की नुसती तार तुटलीय?"

'मेलाय' म्हटलं आणि जीभ चावली. मी घाईघाईने पुढे रेटलं, की दोघंही स्वतःला कारभारी समजून लिहीत सुटले तर दोन वेगळे हिशेब तयार होतील. म्हणून तिघांपैकी दोघांचा होकार असेल तरच कारभार चालतो.

"आणि एकटाच उरला तर?"

"जुनं वाचून दाखवतो. नवीन काही लिहून घेत नाही."

"म्हणजे फुगून बसतो!" अप्पा म्हणाले आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. विषय बदलला. आम्हाला दोघांनाही ते चांगलं जमतं.

रविवार, १० मार्च

ऑफिसात अर्धा दिवस. बॅकअप नुसता घेतला नाही, वेगळ्या यंत्रावर परत उभा करून बघितला. पेढीच्या एकेका केंद्रातल्या रक्ताच्या पिशव्या मोजून ताळा केला. जुळला.

घरी आले तर अप्पा फोनवर होते. दार उघडल्याचं त्यांना कळलं नाही. "शनिवारी ये. हो, मंगळवारी उरकेल तिचं. नाही गं, तिला आत्ता काही बोलू नकोस. तिचं चित्त कामात आहे."

म्हणजे ताई न्यायला येताहेत. आणि अप्पा बिचारे माझ्या कामात विघ्न नको म्हणून लपवताहेत. येऊ देत. मंगळवार नीट पार पडला की मी ताईंना समोर बसवून सांगणार आहे, की आता रात्रीचं काम संपलं, कायमचं. सहा वाजता मी घरी. बोला!

सोमवार, ११ मार्च

उद्या. झोप येते आहे. चांगलं लक्षण.

मंगळवार, १२ मार्च

झालं!!

नीट लिहून ठेवते. सकाळी धाकट्याला बाजूला घेतलं. नवी आवृत्ती घातली, परत उभा केला. मधल्या वेळेत जे लिहिलं गेलं ते त्याने भराभर उतरवून घेतलं आणि बरोबरीला आला. साहेब दारात हाताची घडी घालून उभे. "झालं?" म्हटलं, "एकाचं झालं." "मला तर काहीच दिसलं नाही." म्हटलं, "दिसलं असतं तर घोटाळा असता."

मग मधला बंद केला. आणि नेमका तेव्हा वीजवाला आला, खांद्यावर शिडी.

"मॅडम, बॅटरीची चाचणी. पाच मिनिटं ह्या कपाटाची लाइन काढतो, लगेच देतो."

ते कपाट धाकट्याचं. मधला आधीच बंद. धाकटाही गेला असता तर थोरला एकटा उरला असता, आणि सगळ्या केंद्रांवर एकही नवी नोंद झाली नसती.

"आज नाही."

"आजचीच तारीख आहे."

"असेल. आज नाही."

"अहो, लाइन गेली तरी बॅटरीवर चालेल की! त्यासाठीच तर बसवलीय."

"ती चालते की नाही हेच बघायला आलात ना तुम्ही?"

त्याने शिडी खाली ठेवली. विचार केला. "ते पण खरं," म्हणाला, आणि स्वतःच एवढ्या जोरात हसला की साहेबसुद्धा हसले. चिमणीने त्याला चहा दिला आणि गुरुवारी यायला सांगितलं. मी मात्र मधला उठून उभा राहीपर्यंत त्या कपाटासमोरून हलले नाही. पाठीत कळ आली. चालायचंच.

मग थोरला. त्याला आधी पायउतार व्हायला सांगावं लागतं. बाकीचे दोघं कौल देतात, नवा कारभारी ठरतो. मधला आला. दहा-बारा सेकंद लागले असतील. चिमणी म्हणाली, "आमच्या घरात सासऱ्यांनी चाव्या द्यायला वीस वर्षं लावली!"

तेवढ्यात फोन. एका केंद्रावर पिशव्यांची लेबलं छापायची थांबली. आधी इतर केंद्रांना विचारलं. बाकी सगळीकडे चालू होतं, म्हणजे दोष आमच्या तिघांत नव्हता. बघितलं तर त्या केंद्राच्या प्रोग्रॅममध्ये फक्त थोरल्याचा पत्ता. कारभार मधल्याकडे गेला तरी हा आपला थोरल्याचंच दार ठोठावत बसलेला! तिघांचेही पत्ते घातले. लेबलं सुरू. तोवर तिथल्या बाईंनी हाताने लिहिली होती. "अक्षर बघून घ्या माझं, छापल्यासारखं आहे," म्हणाल्या.

थोरल्याला नवी आवृत्ती घातली. पाचच्या आधी तिघंही नवे, तिघंही बरोबरीला. सहाला घरी!

अप्पा दारातच उभे होते. "जमलं?"

"जमलं."

"तोंडावर दिसतंय," म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघून हसले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. बऱ्याच दिवसांनी बूट न काढता बोलायला लागलीस."

बुधवार, १३ मार्च

साहेबांना आता घाई. "सगळं नवं झालं ना? मग ती शेवटची आज्ञा देऊन टाका की."

नाही दिली. नवी आवृत्ती चालते आहे, पण डेटा अजून जुन्याच पद्धतीने लिहिला जातोय. ते मुद्दाम. काही खटकलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. एकदा ती आज्ञा दिली, डेटा नव्या पद्धतीने लिहायला लागला, की परतीचा रस्ता बंद. म्हटलं, आठवडाभर चालवून बघू. मंगळवारी देते.

अप्पांना सांगितलं तर त्यांना लगेच पटलं. "कच्चे टाके घालून ठेवलेस. गिऱ्हाइकाला चालवून, बसवून बघायचं. मगच पक्की शिलाई." पुढे म्हणाले, "पण कच्च्या टाक्यांवर फार दिवस फिरू नये. लोक हसतात."

गुरुवार, १४ मार्च

वीजवाला आला. चाचणी घेतली. बॅटरी चाललीच नाही! दीड मिनिटात धाकटा आडवा. पण आज तिघंही जागेवर असल्यामुळे बाकीच्या दोघांनी सांभाळलं, कुठेही काही अडलं नाही. मंगळवारी हेच झालं असतं तर — पण झालं नाही. वीजवाला कान पकडून म्हणाला, "मॅडम, तुमचं ऐकलं ते बरं झालं." नवी बॅटरी उद्या.

शनिवार, १६ मार्च

ताई आल्या. मी भाषण तयार ठेवलं होतं. चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं, की दिवसा काम होतं, रात्रीचं बंद, अप्पा कधीही एकटे नसतील.

वाटलं होतं वाद घालतील. त्या नुसतं "बरं झालं गं" म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. न्यायचं नावसुद्धा काढलं नाही. अप्पा खिडकीशी दोरा ओवत बसले होते. मान वर केली नाही.

जिंकले म्हणायचं!

रविवार, १७ मार्च

ताईंनी स्वयंपाक केला. अप्पा दोनदा काहीतरी बोलायला माझ्याकडे आले आणि पाणी पिऊन परत गेले.

मंगळवार, १९ मार्च

आज शेवटची आज्ञा दिली. आठवडाभर एकही तक्रार नव्हती, एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. सकाळी दहा वाजता, साहेब समोर, चिमणी चक्क गप्प. एक ओळ. एन्टर. झालं. परत फिरायचं कारणच नव्हतं. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळीही दिवसाच करू." जणू कल्पना त्यांचीच!

घरी सांगितलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. अप्पा म्हणाले, "म्हणजे आता सगळं संपलं ना तुझं? काही राहिलं नाही?"

"काही नाही."

"अगदी नक्की?"

"अगदी नक्की, अप्पा."

बुधवार, २० मार्च

अप्पा जाताहेत. ताईंना त्यांनीच बोलावलं होतं. त्या दिवशी ताईंना मला फोन करून 'माझ्याकडे पाठव' म्हणायलाही त्यांनीच लावलं होतं, कारण मला तोंडावर सांगणं त्यांना जमेना. "तू कामात पुन्हा रमेपर्यंत थांबलो. आता तुझी काळजी नाही. पण मला इथे नाही राहवत, पोरी. पहाटे मला त्याचा खोकला ऐकू येतो."

मी म्हटलं, "मलाही येतो."

सात महिन्यांत त्याच्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग बराच वेळ बोलत बसलो, ऑफिसला उशीर झाला. त्यांची बॅग मी भरून दिली.