तू झाकलेले तारे

आई, तुझ्या माहेरच्या, तुकईथडच्या आकाशाचा फोटो शेवटी काढला. तू जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आधी घरचं सांगते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिली आहे तेवढी जपायची. जपूनही ती जातेच आहे. समोरचं दिसतं, कडेचं नाही. चहाचा कप बशीबाहेर ठेवतात आणि आपणच हसतात. दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, "तो आकाशाचा फोटो तू काढ एकदा. मला दिसू राह्यलं तोवर." मी बरं म्हटलं. तू गेल्यापासून मी बहुतेक गोष्टींना अशीच बरं म्हणते. आपल्या नदीच्या राजघाटावर तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मी चपला कुठे काढल्या होत्या ते आठवत उभी होते. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं आहे. जीभ लावून बघायची आणि सोडून द्यायची.

पहिला फोटो तुला आठवत असेल. बाबांचा स्टुडिओ तेव्हा चालू होता आणि छापलेल्या फोटोंवरची धूळ झाकायचं काम तुझं होतं. निगेटिव्हवर कण बसला की फोटोत पांढरा ठिपका उमटतो, तो बारीक ब्रशने काळा करायचा. दुपारी भाकरी-भांडी झाली की तू ओटा कोरडा पुसतेस, वर्तमानपत्र पसरतेस, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करतेस. लग्नसराईत तुझी जीभ काळीच. त्या दुपारी वरातीच्या फोटोंच्या गठ्ठ्यात एक मोठा फोटो आहे. खाली केळीची पानं, वर सगळा अंधार, आणि अंधारभर ठिपके. बाबांनी तो मामाच्या शेतातून काढलाय आणि काही न सांगता गठ्ठ्यात ठेवलाय, तुला अचानक दिसावा म्हणून. तू तो अख्खा साफ केलास. एकेक तारा. संध्याकाळी बाबा आले तेव्हा मान चोळत म्हणालीस, "एवढी धूळ कुठून आणली हो? सगळी दुपार गेली माझी या एकात." बाबा फोटो हातात घेऊन म्हणाले, "एकदम साफ केला." निगेटिव्ह होती, पुन्हा छापता आला असता. छापला नाही. तोच काळा फोटो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला आणि विचारेल त्याला सांगायला लागले, "आमच्या सासुरवाडीचं आकाश आहे." ते तुझ्या कानावर आलं तेव्हा तू अबोला धरलास. "आधी सांगायचं नाही का? मले काय सपन पडणार होतं, ते तारे हायेत म्हणून?" बाबांना गंमत वाटायची, तुला कधीच वाटली नाही. आजारपणातसुद्धा म्हणालीस, तो फोटो तेवढा उतरवा. त्यांनी उतरवला नाही, कारण तुझ्या हातचा म्हणून तो त्यांना आवडायचा. हे त्यांनी तुला कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

तर मी तुकईथडला गेले. मामेभाऊ शेतात घेऊन गेला. जेवणं व्हायची होती, आकाशात चंद्र नव्हता. ऑटोवर हा फोटो येत नाही. अंधारात कॅमेऱ्याला काय धरावं तेच कळत नाही. लेन्स होती तेवढी पूर्ण उघडली. आयएसओ बत्तीसशे ठेवला, म्हणजे नजर ताणून बघायला लावलं. शटर पंधरा सेकंद. फार वेळ उघडं ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्याची रेघ होते. फोकस हाताने, एक ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून, तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवून. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर. मामेभाऊ बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "ताई, आजकल मोबाईल में निकल जाता है हे सगळं. तू इतकं काय सेट करू राह्यली?" पंपाच्या स्टार्टरचा लाल दिवा पानांवर पडत होता, त्यावर त्याने न सांगता पोतं टाकलं. पहिला फोटो फार स्वच्छ आला. वर बघितलं तर तारे कितीतरी जास्त. आयएसओ वाढवला की फोटोत खोटे ठिपके येतात, ते पुसणारं एक सेटिंग कॅमेऱ्यात असतं. ते चालू राहिलं होतं, आणि खोट्यांबरोबर बारीक तारेही पुसले जात होते. आत तूच बसली आहेस असं वाटलं मला. सेटिंग बंद करताना बोट जरा थांबलं, एवढंच. मग काढलेल्या फोटोत सगळे आले.

घरी परतल्यावर गावात मोठा प्रिंट काढून आणला. बाबा खिडकीपाशी उजेडात बसले, भिंग घेतलं आणि फोटो कोपऱ्यापासून वाचत गेले. त्यांना एका वेळी दिसतंच तेवढं. मी विचारलं, दिसले का? त्यांनी भिंग शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. मग म्हणाले, "धूळ राहिली गं यात. आईला दे."

थट्टा होती की तू गेलीस हेच विसरले होते, चेहऱ्यावरून कळेना. म्हणणं मात्र खरं होतं. सेटिंग बंद केल्यामुळे काही खोटे ठिपके राहिलेच होते, आणि अधू डोळ्यांनीही ते त्यांनी पकडले. मी "देते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. तुझा ब्रशचा डबा ओट्याखालीच असतो, कुणी हलवलेला नाही. रंगाची वडी वाळून दगड झाली होती, पण जिभेवर ओला केलेला ब्रश फिरवला तर सुटली थोडी. कडू लागली. मी फोटोवर वाकले. कुठला ठिपका खोटा आणि कुठला खरा, मला ओळखता येईना. तुला तरी कसं ओळखता आलं असतं? केळीच्या पानाच्या टोकाजवळचा एक झाकला आणि फोटो परत नेऊन दिला.

"आईनं साफ केला," मी म्हटलं. बाबांनी भिंग उचललं नाही. फोटोवर हात ठेवून म्हणाले, "एकदम साफ केला."

मग मी ओट्यापाशी येऊन बसले आणि हे लिहिलं. पाठवायचं कुठे नाहीच, ब्रशच्या डब्यात ठेवते. जिभेवरचा काळा डाग अजून गेलेला नाही, मी चूळही भरलेली नाही. आणि आई, मी झाकला तो ठिपका ताराच असावा.