धिंगरीचे कान

१८ नोव्हेंबर १९८५
चारठाण्याहून सेलूमार्गे लेकीच्या गावी आले. अक्षरांनी माझ्याशी, म्हणजे बायनाबाईशी, कधी ओळख काढली नाही. म्हणून मी सांगते अन् नात लीला लिहिते. नववीत आहे. माझं ‘न्हाई’ गुपचूप ‘नाही’ करते. तिला वाटतं मला कळत न्हाई.

लेकीच्या घरी राहू नये म्हणतात. पण डोळ्यांत मोतीबिंदू, डावा कान पंचवीस वर्षं बंद. कमल म्हणाली, उरलेलं सामान घेऊन ये.

घर गावाच्या कडेला, तळ्याला लागून. तळं कसलं, हिरवी गोधडी. सात वर्षांपासून जलपर्णीखाली पाणीच दिसत नाही म्हणे. जावई काशीनाथराव ती उपसून तिच्यावर धिंगरी लावणार आहेत, परभणीला शिकून आलेत. धिंगरी म्हणजे कुत्र्याची छत्रीच, पण खायची. मी म्हणाले, जावईबापू, आता तळ्याकाठच्या बेशरमाच्या पाल्याची भाजी पण शिकून या. लय हसले. दाराला ताजा निळा रंग आहे. दर दिवाळीला देतात म्हणे, फक्त दाराला.

२६ नोव्हेंबर
वाळलेल्या जलपर्णीची कुट्टी केली, भिजवली, उकळून निथळली. प्लास्टिकच्या पिशवीत एक थर कुट्टी, वर ज्वारीवर वाढवलेलं धिंगरीचं बी, पुन्हा कुट्टी. पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगल्या.

निवडताना मुळांत हिरव्या बांगडीचे तुकडे सापडले. शेजारच्या पार्वतीबाईला दाखवले, तर ती चहा अर्धा टाकून उठली. सात वर्षांत ही जलपर्णी कुणी का काढली नाही, मी विचारलं. म्हणाली, झाकलेलं बरं असतं.

१६ डिसेंबर
धिंगरी फुटली. पांढरे, मऊ, एकाला एक चिकटलेले कान. कांदा-तिखट घालून केली. मी अन् लीलानं दोन-दोन वाट्या खाल्ल्या. कमलला उपास. जावयाचं पोट दुखायलंय. कापूस पिकवणारा कापूस खात नाही हे ठीक, पण ह्यानं का खाऊ नये?

१७ डिसेंबर
डाव्या कानानं ऐकू येतंय. भर दुपारी. एक बाई दार बडवायलीय, रडायलीय. उघडलं, कुणी नाही. उंबरा ओला. लीलाकडं पाहिलं, तर तीही दाराकडंच बघत होती.

१८ डिसेंबर
पार्वतीबाईचा हात धरून बसवली, तेव्हा बोलली. सात वर्षांमागं नामांतराच्या दंगलीत बौद्धवाडा पेटवला. तिथली गयाबाई पळत इथं आली, ह्याच दाराशी. ह्या घरच्या रानात बारा वर्षं खुरपलेली, लीलाच्या बाळंतपणात कमलचं अंग चोळलेली. आतून कडी लागली. मागं माणसं, पुढं तळं. ती वर आलीच नाही. पोलिसांना अख्खं गाव म्हणालं, आमी काय ऐकलं न्हाई.

एवढं मोठं गाव अन् एकालाही कान नव्हता. आता तळ्यानंच उगवून दिलेत.

आणि मी ह्या घरात लेक दिली. जावयाच्या पायावर पाणी घातलं.

१९ डिसेंबर
जावयाच्या पिठल्यात धिंगरी बारीक चिरून घातली. मीच घातली, लीला, लिही. चौथ्या घासाला ताटावरून उठला, कान दाबून कोपऱ्यात बसला. मी म्हणाले, ज्या हातानं कडी लावली त्याच हातानं काढ. रडत सांगतो, तो हात माझा नव्हता — खोटारडा — मेल्याला अजून —

२० डिसेंबर
दार हलायलंय. कालच्यापेक्षा जोरात. आज नीट ऐकलं. ती त्याला हाक मारत नाही.

“कमलबाई, कडी काढा. मी हाय, गया.”

कमल. माझी. माझं दूध प्यालेली — दाराला पाठ लावून उभी. म्हणते, तवा लीला लहान होती, आई, मी काय करणार होते —

गयालाही पोटचं कुणी असेल, मी म्हणाले.

लीला, रडू नको. लिही. तुज्या आईचं नाव लिही, पुसू नको.

बाजूला हो म्हणाले. होत नाही. ढकललं तिला. कडी गार — ओली — लीला, लिहीत राहा, मी कडी काढ