नाव न ठेवलेल्या मुलीच्या वाट्याचे कर्ज

प्रति,
मा. अधिकारी महोदय,
(देशाच्या कर्जाचे जे कोणी पाहत असतील ते)
मुक्काम अमरावती.

अर्जदार : श्रीमती माणिकबाई भगवंत भोजने, धंदा फुलांचा, रा. अंजनगाव सुर्जी.

विषय : नातीच्या वाट्याच्या सरकारी कर्जाबाबत केलेला पहिला अर्ज रद्द होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे पत्र, ज्यात मुलीचे नाव विचारले आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हिची सून सौ. दीपमाला हिला गेल्या फाल्गुनात मुलगी झाली. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवण्याची घरची रीत आहे. अर्जदाराचा मुलगा शेखर अमरावतीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातो. त्याने आपल्या नोट्समधले एक पान फाडले आणि कोरी बाजू वर करून ठेवून दिले. आळस, दुसरे काय! सकाळी पाहतो तो दिव्याचे तेल कागदावर सांडलेले आणि खालची छापील अक्षरे कोऱ्या बाजूला उमटलेली. शेखरला वाचायला लावले. देशावर कर्ज आहे आणि ते जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर सारखे येते, असा मजकूर निघाला. पुढे आकडा होता. तो अर्जदाराच्या ध्यानात राहिला नाही, पण सून बाळाला पदराखाली घेऊन बसली.

शेखर म्हणतो, हा परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न आहे, नशीब नव्हे. असेल. त्याला तो सोडून पुढे जाता येतो, नातीला येणार नाही.

नाव असले म्हणजे नावावर चढवता येते, हे अर्जदाराने बँकेत आणि तलाठ्याकडे जन्मभर पाहिले आहे. सबब बाराव्या दिवशी पाळणा बांधला, बाया आल्या, घुगऱ्या वाटल्या, पण नाव कोणाला घेऊ दिले नाही. जन्माच्या दाखल्यात नावाची जागा कोरी आहे. लशीच्या कार्डावर ‘बेबी ऑफ दीपमाला’ लिहिले आहे, त्यास अर्जदाराची हरकत नाही. सून रडली. “आई, मी माह्या लेकराले हाक काय म्हणून मारू?” असे म्हणाली. अर्जदाराने मन घट्ट केले. वाईट वाटले नाही असे नाही.

त्यानंतर अर्जदार पहिला अर्ज घेऊन बसने अमरावतीस आली. मागणे एवढेच होते की, नातीचा वाटा आजीच्या नावावर चढवावा, म्हणजे आजीबरोबर तोही जाईल. खिडकीवरचे साहेब भले माणूस, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “आजी, तुमी मेल्यानं ते मरत नाही. जुनं फेडाले सरकार नवं काढते. तुमच्या नातीच्या लेकराइलेबी पुरन.” म्हणजे जे अजून कोणाच्या पोटातही नाहीत, त्यांच्यासाठीही पाने फाडून ठेवलेली आहेत. त्या पैशात काय घेतले, असे विचारले तर रस्ते, पूल असे उत्तर मिळाले. नात चालायला लागेपर्यंत त्यातले किती शिल्लक राहतील, हे कोणी सांगितले नाही. तो चहा अर्जदाराला गोड लागला नाही.

मग आपले पत्र आले. ‘पुढील कार्यवाहीसाठी बालिकेचे पूर्ण नाव पंधरा दिवसांत कळवावे.’ तेव्हापासून अर्जदाराच्या डोळ्याला डोळा नाही. इतके दिवस ती कोण, हे तुम्हाला ठाऊक नव्हते. अर्जदाराने आपल्या हाताने तुम्हाला घर दाखवले.

परवा दुपारी अर्जदार ओसरीत शेवंतीचे हार ओवत होती. आत पाळण्यापाशी सून हळूच एक शब्द बोलली. पुन्हा बोलली. मुलीने मान वळवली आणि हसली. म्हणजे नाव केव्हाच ठेवून झाले आहे, आणि मुलीला ते माहीत आहे. फार गोड नाव आहे, साहेब. अर्जदार सुनेवर रागावली नाही. उठली आणि रस्त्याकडचे दार लावून घेतले.

तरी विनंती की, पहिला अर्ज फाडून टाकावा आणि अशी कोणी मुलगी नाही, असे आपल्या दप्तरी लिहावे. वरचा मजकूर वाचून झाल्यावर विसरावा. चौकशीला माणूस पाठवलाच, तर अर्जदार दारात उभी राहून हेच सांगेल. फक्त त्याने पाळण्याजवळ जाऊन एकेक नाव घेत हाका मारून पाहू नये. ती लहान आहे, तिला लपवता येत नाही. आपल्या नावाला ती वळून पाहते.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारी,
नम्र अर्जदार,
माणिकबाई भगवंत भोजने
अंजनगाव सुर्जी, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : आपले पत्र, परत. दुसरे काही जोडलेले नाही.