दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

४ मार्च
समोरच्या माडीवरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई आज दुकानात आल्या. गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, चिठ्ठीशिवाय ही खाजेची स्टेरॉइडवाली ट्यूब देत जाऊ नका. डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, गवत उपटत नव्हतो. कमरेला चार दिवस खाज आहे. उष्णता, दुसरं काही नाही. मुद्दाम तीच ट्यूब लावली.

६ मार्च
खाज बंद. बाईंनी महिना घालवला असता.
धाकट्या बहिणीच्या गालांवर मुरुमं. पंचवीसला तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू, पहिलाच. आरशासमोर रडत होती. तीच ट्यूब दिली. म्हटलं, भाऊ कशाला आहे?

९ मार्च
धाकटीचा चेहरा लख्ख. दादाला डॉक्टरच करायला हवं होतं म्हणाली. शिंपी, कुरिअरवाला, जिमचा ट्रेनर खाज घेऊन आले, तिघांनाही एकेक ट्यूब दिली. बाईंना माश्या मारत बसवणार.

१५ मार्च
कमरेवर गोल चट्टा. कडा लाल. पट्ट्याचा दोष. पट्टा फेकला.

१७ मार्च
चट्टे पाच. साबणाचा दोष. आईवर खेकसलो. तिने माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. पोटच्या पोराचा टॉवेल! ट्यूब आता दिवसातून तीनदा.

१९ मार्च
धाकटीचं तोंड लालबुंद, मुरुमं दुप्पट. ट्यूब बरोबर आहे, हिलाच लावता येत नाही. तसं सुनावलं. तिने दार लावून घेतलं. इंटरव्ह्यूला जाणार नाही म्हणे. नाटकं नुसती.
दुपारी शिंपी मान खाजवत दुकानात आला. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत होतो. बराच वेळ. तेवढ्यात माझी कंबर खाजवूनही झाली.

२१ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फक्त जाब विचारायला. नंबर मात्र घ्यावा लागला.
बाकावर शिंपी, कुरिअरवाला, ट्रेनर. शेवटी धाकटी, तोंडाला रुमाल बांधून. सगळ्यांच्या हातात तीच ट्यूब, पिळून चपटी झालेली.
बाई दारात आल्या. धाकटीचा रुमाल सोडवून गाल बघितले. तिने इंटरव्ह्यूची तारीख सांगितली. पंचवीसपर्यंत काही उतरायचं नाही, महिने लागतील म्हणाल्या. ट्यूब कुणी दिली, असं विचारलं. अख्खा बाक माझ्याकडे बघायला लागला.
धाकटी म्हणाली, कुणी नाही, माझी मीच आणली. मग सरकून तिने मला बसायला जागा केली.
इतका राग आयुष्यात आला नव्हता. या वेळी दोष द्यायला पट्टाही नव्हता. बसलो. खाज सुटली होती, खाजवलं नाही.