नवी गोळी, नवा हिरामण

९ मार्च १९९९, मंगळवार

गुन्हेगार सापडला.

आज कॅनडा कॉर्नरला डॉ. लोकऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, हिरामणराव, ही फिटची गोळी तुम्ही वीसेक वर्षं घेताय. आता बदलू या. हिने सुस्ती येते, विसरायला होतं, हाडांनाही बरी नाही. शिवाय फिट पुन्हा यायला लागल्यात.

विसरायला होतं! सुस्ती येते! खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. बी.कॉम. दोनदा सुटलं, ते गोळीमुळे. सातपूरच्या कंपनीत बारा वर्षं स्टोअर्समध्ये क्लार्क, ते गोळीमुळे. यादव गायधनी माझ्या मागून लागला आणि माझा साहेब झाला, तेही. आणि आम्ही आपले नशिबाला बोल लावत बसलो.

(फिट पुन्हा येतात हे मला मान्य नाही. जानेवारीत स्टोअर्समध्ये पडलो, त्या दिवशी रंगाचे डबे उघडे होते.)

डॉक्टरांच्या सूचना: नवी हळूहळू वाढवायची, जुनी हळूहळू कमी करायची. स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. झोप वेळेवर. 'गाडी चालवत नाही ना?' असं विचारलं. नाही म्हणालो. त्या वेळी खुर्चीत बसलेलो होतो, तेव्हा खोटं म्हणता येणार नाही.

घरी आल्यावर सविताला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आळससुद्धा गोळीचाच का?"

हो म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि काड्या बाजूला केल्या.

१० मार्च

गोळीच्या खोक्यात कागद निघाला. घडी उलगडली तर पलंगभर. अक्षर मुंगीएवढं, सगळं इंग्रजी. सायलीला बोलावलं. तिची दहावीची परीक्षा चालू आहे, पण इंग्रजी चांगलं आहे, सरावही होईल.

तिने वाचलं. पुरळ, चक्कर, मळमळ, एकाच्या दोन वस्तू दिसणं, स्वभावात बदल. म्हणाली, "पप्पा, पण हे सगळं रेअर आहे. रेअर म्हणजे क्वचित."

तिला काय सांगू? मला आजवर जे झालं ते क्वचितच होणारं होतं. फिट तरी कुठे सगळ्यांना येते?

सविता आली, कागद ओढून घेतला. उद्या तिचा पेपर आहे, तिला हे कशाला वाचायला लावता म्हणाली.

निर्णय: गोळी पाडव्यापासून सुरू. घाबरलो म्हणून नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, पाठोपाठ नवी अर्धी गोळी. कडू काय लागलं, सांगता येत नाही.

निफाडहून आई आली आहे. गोळ्यांची दोन पाकिटं बघून म्हणाली, "लय गोळ्या खाल्ल्या रे. आता बास कर. चांगला तर हायेस." अडाणी माणसं कधीकधी बरोबर बोलून जातात.

संकल्प: १. कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लास. २. रोज एक पान इंग्रजी. ३. गंगापूर रोडने सकाळी फिरणं. ४. सवितावर न चिडणं. ५. सिनियर स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज. इंटरव्ह्यू पुढच्या शनिवारी आहे. बघतोच गायधनीकडे.

१९ मार्च

मानेवर पुरळ! दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून डॉक्टरांना तीनदा फोन. तिसऱ्यांदा कंपाउंडरने उचलला आणि विचारलं, घामोळं आहे का बघा.

घामोळं होतं. तरी दक्षता हवीच.

२० मार्च, शनिवार

डोकं उघडायला लागलं. आज तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची, बोल्टचा रॅक रजिस्टर न बघता सांगितला. गायधनी म्हणाला, अहो, तो तुमच्या पाठीमागेच आहे. जळतो.

चहा पिताना एक गोष्ट लक्षात आली, जी डॉक्टरांच्याही लक्षात आलेली नाही. एक गोळी डोकं वर नेते, दुसरी खाली ओढते. दोन्ही एकदम घ्यायच्या म्हणजे ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पिळायचा. इंटरव्ह्यूला काय ब्रेक दाबून जाऊ?

आजपासून जुनी बंद. कुणाला सांगितलेलं नाही. सविता जेवणानंतर दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर ठेवते. नवी गिळली, जुनी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत खुपसली. तुळशीला सुस्ती येते का ते बघू.

२३ मार्च

झोप येत नाही. नव्या मेंदूला लागत नसावी. हाताला बारीक थरथर आहे. इतकी वर्षं दाबून ठेवलेली ताकद बाहेर येते आहे.

सविता म्हणाली, डोळे लाल दिसतात, डॉक्टरांना फोन करू का? मी ओरडलो. पाण्याचा तांब्या पडला. (संकल्प ४ मोडला असं नाही. कागदावर 'स्वभावात बदल' छापलेलंच आहे.)

कॉम्प्युटर क्लासला दोन दिवस गेलो. मास्तर अगदीच पोरगेला आहे. त्याला शिकवता येत नाही.

२५ मार्च

उद्या सायलीचा शेवटचा पेपर, विज्ञान. सेंटर लांब पडलं आहे. सविताने तिच्या भावाला, राजूला, रिक्षा घेऊन बोलावलं होतं. मी म्हणालो, बाप घरात असताना मामा कशाला? स्कूटरवर सोडतो, तसाच पुढे कंपनीत जातो.

सविता नको म्हणाली. मी कारण विचारलं. तुम्हाला माहीत आहे म्हणाली.

सायली पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, डॉक्टरांनी गाडी नको सांगितलीये ना?"

"ते जुन्या हिरामणला," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. शेवटी मीच राजूला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. घरात कुणीतरी ठामपणे वागायला हवं.

२९ मार्च, सोमवार

रस्त्यावर खडी होती.

हे आधी लिहून ठेवतो, कारण लोक काय वाटेल ते बोलत आहेत. मायको सर्कलच्या अलीकडे खडी होती आणि स्कूटर सरकली. त्यानंतरचं मला आठवत नाही. आधीचंही फारसं नाही.

माझ्या कपाळाला टाके. सायलीचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत आहे.

पुढचं सविताने सांगितलं, भिंतीकडे बघत. सायलीच्या हाताचा पंजा लोंबत होता. तशीच उठली, मला डाव्या हाताने कुशीवर वळवलं, दप्तर डोक्याखाली सरकवलं. गर्दी जमली. एक जण माझ्या नाकाला चप्पल लावायला आला. ती त्याच्यावर ओरडली, "चप्पल नको! तोंडात काही घालू नका! बाजूला व्हा, हवा येऊ द्या!" एक बाई तिला म्हणत होती, पोरी, तुझा हात बघ आधी. तिने ऐकलं नाही. मी डोळे उघडून तिचं नाव घेईपर्यंत तिथेच गुडघ्यावर बसून होती.

तोवर पेपर सुरू होऊन गेला होता.

एवढं करायची काय गरज होती? चार माणसं होती तिथे. कुणीही तिला सेंटरवर सोडलं असतं. मी काय, पडून राहिलो असतो. तिला थांब म्हणून मी सांगितलेलं नव्हतं.

इंटरव्ह्यू परवा होऊन गेला.

३ एप्रिल

डॉ. लोकरे. या वेळी सविता बरोबर आली. तिने पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. मातीने माखलेल्या जुन्या गोळ्या. तुळशीला पाणी घालताना सापडल्या म्हणे. नवऱ्याच्या मागे कुंड्या उकरत बसणं हा काय प्रकार आहे?

डॉक्टर म्हणाले, ही फिट नव्या गोळीने आलेली नाही. जुनी एकदम सोडली म्हणून आली. मुलगी होती म्हणून वाचलात.

मी खडीचं सांगितलं.

सविता म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. रस्ता झाडून काढल्यासारखा आहे. खडी नाही."

मी म्हणालो, झाडून काढली असेल.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून लिहून दिलं. कागद माझ्या हातात दिला नाही, तिच्या हातात दिला.

१० एप्रिल

स्कूटर गेली. राजूने गिऱ्हाईक आणलं. मी विकायचं ठरवतच होतो, पेट्रोल फार खात होती.

सायली बोलत नाही असं नाही. विचारलं तर उत्तर देते.

१६ जून

निकाल लागला. गणितात ब्याऐंशी, इंग्रजीत एकोणऐंशी, विज्ञानापुढे गैरहजर. नापास.

शेजारच्या वत्सलाबाई पेढ्यांची वाट बघत दारात उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, बोर्डाचा घोटाळा आहे, मी वर तक्रार करणार आहे. मागे सायली उभी होती. म्हणाली, "काकू, बोर्डाचा घोटाळा नाही. मी पेपरला गेले नव्हते."

कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला खडीचं बोलता आलं असतं.

तिच्या मैत्रिणी अकरावीच्या फॉर्मसाठी बोलवायला आल्या होत्या. डोकं दुखतं म्हणून झोपून राहिली.

२४ ऑगस्ट

जुनी गोळी आज पूर्ण बंद, डॉक्टरांच्या हिशोबाने. नवी पूर्ण चालू. त्या दिवसानंतर एकही फिट नाही. थरथर नाही, पुरळ नाही. झोप लागते. डॉक्टर म्हणाले, एकदम छान चाललंय.

मी म्हणालो, छान कसलं? क्लास चौथ्या दिवशी सुटला. इंग्रजीचं पान पहिल्यावरच आहे. सकाळी उठवत नाही. मागच्या वेळी तुमच्याकडे छत्री विसरलो. माणसांवर ओरडतो ते ओरडतोच. गोळी बदलली, फरक काय?

डॉक्टर म्हणाले, "हिरामणराव, गोळीचं काम फिट थांबवायचं. ते ती करतेय. बाकीचं तुमचं."

सविता शेजारीच बसली होती. हसली असती तरी चाललं असतं. हसली नाही.

रिक्षात मनात आलं, डोस वाढवून बघायला सांगावं. किंवा तिसरी एखादी गोळी निघाली असेल. विचारायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर

सायलीची ऑक्टोबरची परीक्षा, एकच पेपर. तारीख सविताला विचारून घेतली: आठ, शुक्रवार.

प्लॅन: रजा टाकायची. सिटी बसने दोन तास आधी निघायचं. पाण्याची बाटली, लिंबू-साखर, छत्री, सगळं मी घेणार. पेपर संपेपर्यंत गेटबाहेर उभा राहणार. मग दोघं मिसळ खायला. तिथे तिच्याशी नीट बोलायचं. काय बोलायचं ते ऐन वेळी सुचेल.

तिला सांगितलं तर "बघू" म्हणाली. म्हणजे तिलाही आवडलं आहे.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

उजाडायच्या आत उठलो. दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. लिंबू-साखर स्वतः केली, बाटलीत भरली. सायलीला हाक मारली.

सविता स्वयंपाकघरातून म्हणाली, झोपू द्या तिला. पेपर काल झाला.

मी म्हणालो, काल? तू मला आठ तारीख सांगितलीस.

"हो," म्हणाली. "सांगितली."

राजू घेऊन गेला होता. मी कंपनीत होतो तेव्हा गेले, मी यायच्या आत परत आले. रात्री माझ्याच पंगतीला सगळे जेवले, कुणी बोललं नाही.

फार ओरडायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात सविताने गोळी आणि पाण्याचा पेला समोर ठेवला आणि उभी राहिली. गिळली.

थोड्या वेळाने सायली उठून बाहेर आली. पेपर कसा गेला विचारलं.

"चांगला," म्हणाली. मग दात घासायला जाता जाता थांबली. "पप्पा, गोळी घेतली?"

घेतली म्हणालो.

ती तिथेच उभी राहिली. मग मी तोंड उघडलं आणि जीभ उचलून तिला दाखवली.